ओसरीत झोपणाऱ्याची झडती

प्रफुल्ल मिस्तरीवर ज्या झडतीनं गाव हसलं, ती मी लिहिली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी सदाशिवरावांवर दातओठ खाईन, तेव्हा कोणी म्हणायला नको की हा फकिरा मोठा साव आहे.

मी बाभुळगावच्या पुढच्या एका गावात ग्रामपंचायतीचा शिपाई आहे. नळ सोडतो, घरपट्टीच्या नोटिसा वाटतो, ग्रामसभा असली की भोंग्यावरून गावाला सांगतो. पण लोक मला ओळखतात ते झडत्यांसाठी. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे माणसं एकमेकांवर टोमण्याची कवनं म्हणतात आणि शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. ती झडती. सरपंचावर असते, सोसायटीच्या चेअरमनवर असते, सासरी ठाण मांडून बसलेल्या जावयावर असते. म्हणणारे दुसरे, लिहिणारा मी. आठ दिवस आधी लोक येतात, "फकिरा, एक झणझणीत दे" म्हणतात. मी लिहून देतो आणि नावाची जागा रिकामी ठेवतो. ज्याला ज्याचं नाव घालायचं असेल त्यानं घालावं. वीस वर्षं हीच पद्धत. नाव मी घालत नाही, म्हणजे पापही माझ्याकडं येत नाही, असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं.

प्रफुल्ल फवारणीचे पंप दुरुस्त करतो. आठवीत असताना बाप गेला, मग बाभुळगावला एका दुकानात हाताखाली राहून शिकला, आणि आता आमच्या स्टँडवर त्याचं स्वतःचं टिनाचं दुकान आहे. घरची चार एकर, एक बैलजोडी, आई इंदूबाई. काम करताना तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून "माही फवारनी थांबली ना बे" म्हणून ओरडत असतं, आणि हा एकेक वॉशर पोत्यावर मांडत बसतो. पंप थेंबभर गळत असला तरी परत देत नाही. गळका पंप पाठीवर घेऊन माणूस वावरात गेला आणि ते विषारी औषध अंगावर उतरलं की काय होतं, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला शिकवावं लागत नाही. त्याच्या या हळूपणावर मीही चिडलो आहे. पण सांगायचं हे की ज्याला घाईनं काम बिघडतं हे कळतं असा एक माणूस आमच्या गावात होता, आणि गावानं त्यालाच नामर्द ठरवलं.

चैत्रात त्याचं लग्न झालं. मुलगी कळंबची, आचल. बी.ए. झालेली, बोलायला खमकी, आल्या आल्या तिनं दुकानाच्या उधाऱ्यांवरून दोन गिऱ्हाइकांशी भांडण केलं. दिवसा दोघांचं हसणं आमच्या ओट्यापर्यंत यायचं. पण नवराबायकोच्या संबंधाची वेळ आली की तिला असह्य दुखायचं. अंग आपोआप आखडून जायचं, ती कळवळायची. पहिल्या आठवड्यात वाटलं, नवं आहे, होईल नीट. मग महिना झाला, दोन झाले. ती रडून म्हणायची, "माह्यातच काई खोट हाय." प्रफुल्लनं प्रयत्न थांबवला आणि ओसरीत अंथरूण टाकलं. तिला भीती न बाळगता झोपता यावं म्हणून. हे त्यानं मला फार नंतर सांगितलं, आणि त्यातलं खरं तेही सांगितलं: "अर्धं तिच्यासाठी होतं काका, अर्धा राग होता. मले वाटे, हिले मी आवडतच नाही. एक दिवस दुकानात पाना भिंतीवर फेकून मारला मी."

आता असलं दुखणं घेऊन माणसानं जावं कुठं? बाप नाही. आईला सांगायची सोय नाही. तो गेला सदाशिवरावांकडं.

सदाशिवराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. कापूस, तूर, सोयाबीन मिळून पन्नास एकर. पोळ्याला मानाची जोडी त्यांची, समाजाच्या बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा. प्रफुल्लच्या बापाचे ते दोस्त होते. बाप गेल्यावर शाळा सोडायची की नाही इथपासून बोअर कुठं मारायचं इथपर्यंत सगळं या पोरानं त्यांना विचारून केलेलं. म्हणून हेही विचारलं. त्यांच्या गोठ्यामागं उभं राहून, खाली मान घालून.

सदाशिवराव म्हणाले, "अबे, यात इचारन्यासारखं काय हाय? एक दिवस जोर लाव. रडन, ओरडन, मंग सारं बराबर होते."

"तिले दुखते ना काका."

"दुखू दे. मर्द हाय ना तू?"

प्रफुल्ल घरी आला आणि त्यानं तसं काही केलं नाही. एवढंच. सदाशिवरावांच्या लेखी गुन्हा हाच होता. बायकोला दुखतं याचं त्यांना काही नव्हतं, पण आपण सांगितलेलं एका पंपवाल्या पोरानं ऐकलं नाही, हे त्यांना सहन झालं नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी ते माझ्याकडं आले. नव्या लग्नाच्या पोट्ट्यावर काहीतरी दे म्हणाले. मी दोन ओळी खरडून दिल्या. असल्या दोन ओळी मी दर दोनेक वर्षांनी कोणावर ना कोणावर लिहितो:

लग्न झालं चैतात, मांडव गेला वायून,
____ झोपे ओसरीत, बायको आतून कडी लावून.

पोळ्याच्या दिवशी सदाशिवरावांनी माइक हातात घेतला. भोंगा मीच लिंबावर बांधला होता, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. रिकाम्या जागेत त्यांनी प्रफुल्लचं नाव घातलं. गाव हसलं. मीही हसलो, माझी ओळ चांगली बसली म्हणून. मग त्यांनी पदरच्या दोन ओळी जोडल्या:

सांगतलं मी पोट्ट्याले, मर्दावानी वाग,
हा म्हन्ते तिले दुखते, अन् सरते मांगं माग.

माणसं बैलांच्या पाठीवर थापा मारून हसली. पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. प्रफुल्ल आपल्या जोडीचे कासरे धरून उभा होता, आणि त्याचा चेहरा मी पाहिला. मी त्या दिवशी माइकची वायर उपटायला पाहिजे होती. उपटली नाही. घरी आचल बैलांच्या पूजेचं ताट घेऊन दारात थांबली होती. लिंबावरच्या भोंग्यातून तिला अक्षर न् अक्षर ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कळंबला निघून गेली. जाताना प्रफुल्लला म्हणाली, "तुह्यावर माहा राग नाही. पन ज्या गावात माह्या दुखन्याचं गानं झालं, त्या गावात मी नांदनार नाही. ज्यानं म्हटलं त्यानं त्याच्याच तोंडानं मांगं घ्यावं. नाई घेतलं तर नको मले हे गाव."

झालं. सदाशिवरावांना रानच मोकळं मिळालं. त्यांनी इंदूबाईला निरोप धाडला की सोडचिठ्ठीची बैठक लावू, पोराला दुसरी पाहू. इंदूबाईही तेव्हा त्याच बाजूची होती. आणि प्रफुल्ल एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन उभा राहिला. बसला नाही.

"रिकामी जागा कोनी ठेवली होती, काका?"

मी नोटिसांचा गठ्ठा आवरायला घेतला.

"आता एक माह्यासाठी लिहा. त्यात जागा रिकामी ठेवू नका."

मी लिहिली, आणि मन लावून लिहिली. सदाशिवरावांनी पांदणीचा रस्ता कसा आपल्या वावरात ओढला, बैठकीत कोणाकडून कोंबडा खाऊन कोणाच्या बाजूनं बोलले, सगळं घातलं, भर तोरणाखाली अब्रू गेली की म्हटलेलं मागं घेतील असा हिशेब करून. प्रफुल्लनं ती पाठ केली. दुकानात वॉशर बसवता बसवता तो ती पुटपुटायचा. पुढचा पोळा यायची आम्ही दोघं वाट पाहत होतो. खरं सांगतो, त्या वर्षासारखी वाट मी पोरीच्या लग्नाचीही पाहिली नाही.

मधल्या काळात आचलच्या मावशीनं यवतमाळच्या एका डॉक्टरीणबाईचा पत्ता काढला. दर गुरुवारी प्रफुल्ल दुकान बंद करून गाडीवर कळंबला जायचा, तिला घेऊन यवतमाळला, आणि संध्याकाळी परत सोडून यायचा. बाईंनी तपासून सांगितलं की हा आजार आहे, ती नाटक करत नाही. तिथले स्नायू तिच्या मनात नसताना आवळतात, भीतीनं आणखी आवळतात. व्यायाम आहेत, उपचार आहेत, वेळ लागेल. आणि जबरदस्ती केली तर सगळं आणखी बिघडेल.

मग बाईंनी प्रफुल्लला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथं जीशान सर म्हणून एक तरुण समुपदेशक बसायचा. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मिस्तरी, तुमचं कसं चाललंय?"

प्रफुल्ल म्हणाला, "तिले आता जरा..."

"तिचं खाली विचारलं. तुमचं विचारतोय."

प्रफुल्ल रडला. लग्नाला सात महिने झाले होते, आणि तुझं काय हे त्याला तोपर्यंत कोणीही विचारलं नव्हतं. गावानं विचारलं होतं ते फक्त तू मर्द आहेस का. लाज वाटते, राग येतो, तिच्याजवळ बसायलाही भीती वाटते, सगळं त्यानं तिथं ओकलं. राग येणं गुन्हा नाही, असं सरांनी त्याला सांगितलं. तिच्यावर न काढता तो बोलून दाखवता येतो, आणि संबंध म्हणजे तेवढी एकच गोष्ट नसते. जवळ बसणं, हात धरणं, हसणं हे कोणी बंद केलेलं नाही. दर पहिल्या शनिवारी दुपारी त्या खोलीत असेच नवरे जमायचे. एक ट्रकवाला, एक शिक्षक, दोन शेतकरी. पहिला अर्धा तास सगळे पंख्याकडं पाहत बसायचे, मग कोणीतरी बोलायचा. नियम एकच होता, दुसऱ्याचं ऐकलेलं जिन्याखाली न्यायचं नाही.

एक दिवस त्यानं धीर करून आईला सगळं समजावून सांगितलं. इंदूबाई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "मले बी दुखे. तुह्या बापानं कधी इचारलं नाही." आणि तिनं सोडचिठ्ठीच्या बैठकीला येणार नाही असं सदाशिवरावांना कळवून टाकलं. माझा राग तेव्हा वाढला. एका घरात दोन पिढ्या हेच सोसत होत्या आणि मी त्यावर यमक जुळवत होतो.

आषाढातल्या शनिवारी त्या खोलीत नवा माणूस आला. पिंटू. सदाशिवरावांचा एकुलता एक मुलगा.

प्रफुल्लला पाहून तो दारातूनच फिरला होता, सरांनी हात धरून बसवला. पिंटूचं लग्न प्रफुल्लच्या दोन वर्षं आधीचं. बायको प्रेरणा, तिलाही तेच दुखणं. त्यानंही बापाला विचारलं होतं, आणि बापानं त्यालाही तेच सांगितलं होतं. फरक एवढाच की पिंटूनं ऐकलं. "मी ऐकलं बाबाचं," एवढं म्हणून तो हुंदके देऊ लागला. त्यानंतर प्रेरणा त्याचा हात लागला तरी दचकायची, जेवण सुटलं होतं, सारखी झोपून असायची. म्हणजे प्रफुल्लवर माइकमधून ओरडताना सदाशिवरावांना स्वतःच्या घरात काय झालंय ते ठाऊक होतं. त्यांचा सल्ला घरातच फसला होता, आणि न ऐकणारा शहाणा ठरू नये म्हणून त्याला गावात नागवा करायचा होता.

हे मला आज कळलेलं आहे, पिंटू आणि प्रेरणानं लिहायची परवानगी दिली म्हणून सांगतो. तेव्हा प्रफुल्लनं मला चकार शब्द सांगितला नाही. आचललाही नाही. तो यवतमाळहून आला, माझ्या ओट्यावर बसला आणि खिशातून झडतीचा कागद काढून टराटरा फाडला.

"मी नाही म्हनत पोळ्याले."

"काहून?"

"नाही म्हनत."

"तिची अट काय होती? कशी येईन ते परत?"

"मले नाही मालूम."

मी त्याला नामर्द म्हणालो. हो, मीच. पंधरा दिवस त्याच्या दुकानासमोरून तोंड फिरवून गेलो. त्याच्या मुठीत सदाशिवरावांची मान होती आणि त्यानं ती सोडली, ती प्रेरणासाठी, हे मला कुठं माहीत होतं? त्याच्या जागी मी असतो तर मान आवळली असती. आजही आवळीन.

पोळ्याच्या आदल्या दिवशी इंदूबाई एकटी एसटीनं कळंबला गेली. आचलला म्हणाली, "एक दिवस चाल. बैलाची पूजा कर, मंग तुले वाटन तसं कर." आचल आली, पण संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं ठरवूनच.

तोरणाखाली प्रफुल्ल मुकाट उभा राहिला. सदाशिवरावांनी माइकमधून विचारलंच, "ओसरीवाले आले का?" लोक हसले, पण थोडे. तोरण तुटलं, जोड्या घरोघर निघाल्या. आमच्याकडे त्या दिवशी बैल दारात आले की घरची बाई त्यांचे पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळी चारते आणि मग कासरा धरणाऱ्यालाही ओवाळते. पूजा न होता बैल दारातून परतणं फार वाईट. सदाशिवराव एरवी गडी पाठवायचे. त्या दिवशी स्वतः आले, आचल आली आहे हे ऐकून. एक बैल त्यांच्याकडं, दुसरा पिंटूकडं, मागं गल्लीतली पन्नास माणसं.

आचल ताट घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. प्रफुल्ल शेजारी पाण्याचा तांब्या धरून. ती खाली उतरली नाही.

"मांगच्या वर्षी तोरनाखाली म्हटलं ते इथं म्हना," ती म्हणाली. "माह्या तोंडापुढं. मंग पाय धुतो."

सदाशिवराव हसले. "पोरी, सनाची गंमत असते ते."

"गंमत हाय तं म्हना."

बैल मान हलवत होते, घुंगरं वाजत होती. सदाशिवरावांनी आजूबाजूला पाहिलं. मागं फिरावं तर बैल बिनपूजेचे, बोलावं तर समोर बाई. शेवटी त्यांनी माझ्या दोन ओळी कशाबशा म्हटल्या. कोणी हसलं नाही. मग, "सांगतलं मी पोट्ट्याले..." आणि अडले.

पिंटू त्यांच्याकडं पाहत होता.

"म्हना ना बाबा," पिंटू म्हणाला. "मले बी हेच सांगतलं होतं तुमी. मी ऐकलं. आता घरी काय होऊन राह्यलं ते बी म्हना."

वेळ आली तर हे चारचौघांत बोलायचं की नाही, ते त्यानं सकाळीच प्रेरणाला विचारलं होतं. ती म्हणाली होती, बोल.

मी पन्नास वर्षांत सदाशिवरावांचा असा चेहरा पाहिला नव्हता. पन्नास एकर, मानाची जोडी, बैठकीतला शेवटचा शब्द, सगळं असून ते मिठाचा खडा गिळल्यासारखे उभे राहिले. मला फार आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

"माह्यं चुकलं," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," आचल म्हणाली. "मांगच्या वर्षी भोंग्यातून आलं होतं."

मग मी पळालो. या वयात मी इतका कधी पळालो नव्हतो. ग्रामपंचायतीत बॅटरीवरचा हातातला भोंगा असतो. सरकारी वस्तू खासगी कामाला वापरली म्हणून मला नंतर नोटीस मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. भोंगा आणून मी सदाशिवरावांच्या तोंडाला लावला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी बटन दाबलं.

"माह्यं चुकलं," गावभर ऐकू गेलं. "त्या पोट्ट्याचं बराबर होतं. मी म्हटलं ते मांगं घेतो."

आचल खाली उतरली. प्रफुल्ल तांब्यातून पाणी ओतत गेला आणि तिनं दोन्ही बैलांचे पाय धुतले, अगदी सावकाश, एकेक खूर. त्यांना कुंकू लावलं, पोळी चारली. पिंटूला कुंकू लावून ओवाळलं. तो डोळे पुसत होता. मग सदाशिवरावांनी रिवाजाप्रमाणं टोपी काढून मान पुढं केली.

आचलनं ताट इंदूबाईच्या हातात दिलं.

"तुमचं पुढच्या पोळ्याले पाहू," ती म्हणाली.

पुढच्या पोळ्याला म्हणजे ती इथंच राहणार, हे प्रफुल्लला कळायला जरा वेळ लागला. रिकामा तांब्या धरून तो तिच्याकडं पाहतच राहिला. तिचं दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही, गुरुवारच्या फेऱ्या चालू आहेत, आणि आता शनिवारी तो आणि पिंटू एकाच गाडीवर यवतमाळला जातात. सदाशिवरावांना मात्र तिचं बोलणं तिथल्या तिथं कळलं होतं. त्यांच्या वावराचा रस्ता याच दारावरून जातो, आणि वर्षभर रोज सकाळी त्यांना तिच्या समोरून जायचं होतं.